वॉलमार्टचे ५०० डॉलर सरसकट सगळ्यांना नव्हते

‘वॉलमार्टमध्ये खरेदी केली असेल तर ५०० डॉलर मिळतील, फॉर्म भरा’ असा मेसेज पुढे पाठवला जातो. कृपया तो पाठवू नका.

वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने ग्राहकांशी कोर्टात पैसे देण्याची तडजोड केली, हे खरं आहे. वजनावर विकलं जाणारं मांस-मासळी आणि पिशवीबंद संत्री-मोसंबी यांचे काउंटरवर जादा पैसे घेतले, असा सामूहिक दावा ग्राहकांनी फ्लोरिडाच्या फेडरल कोर्टात केला होता. वॉलमार्टने आरोप नाकारले, पण ४.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. ही रक्कम १९ ऑक्टोबर २०१८ ते १९ जानेवारी २०२४ या काळात ठरावीक वस्तू घेतलेल्यांसाठीच होती. पावत्या असतील तर खरेदीच्या २ टक्के, नसतील तर १० ते २५ डॉलर. ५०० ही कमाल मर्यादा. म्हणजे तिथवर पोचायला २५,००० डॉलरच्या पावत्या हव्यात! शिवाय अर्जाची मुदत ५ जून २०२४ लाच संपली. आता कुणी बँकेचे तपशील मागत असेल तर देऊ नका.

‘पावती दिली की दुकानाची जबाबदारी संपते’ हेही खरं नाही. फळीवर एक किंमत आणि काउंटरवर जास्त, अशा वॉलमार्टवरच्याच इलिनॉय राज्यातल्या दाव्यात खालच्या कोर्टाने पावतीकडे बोट दाखवून खटला काढून टाकला होता. जुलै २०२४ मध्ये सातव्या सर्किटच्या (इलिनॉयसह काही राज्यांसाठीच्या) फेडरल अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. प्रत्येक वस्तूची फळीवरची किंमत लक्षात ठेवून पावतीशी ताडून पाहणं ग्राहकाकडून अपेक्षित नाही, असं त्या न्यायालयाचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं.