खुलासा: तुटीच्या मर्यादेचा कायदा म्हणजे योजना बंद नव्हे

गोव्यात म्हापसा-फोंड्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: ‘सरकारच्या खर्चावर कायद्याने मर्यादा आली, गृह आधार बंद होणार, बदल्यात पेट्रोलवरचा जीएसटी माफ.’ गृह आधार म्हणजे राज्य सरकार गृहिणींना दरमहा पैसे देते ती योजना. ती बंद होणे आणि जीएसटी माफी, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पेट्रोलवर जीएसटी मुळात नाहीच. पंपावरची पावती काढून बघा, जीएसटीची रक्कम लावलेली दिसणार नाही. राज्य लावते तो व्हॅट, आणि तो कमी करणे राज्याच्याच हातात असते. २०१२ साली पर्रीकर सरकारने तो २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. पुढच्या काळात हा दर पुन्हा वाढला, हेही सांगायला हवे.

मर्यादेचा कायदा नवा नाही, २००६ चा आहे. तो तुटीला, म्हणजे कर्ज काढून भागवायच्या खर्चाला, लगाम घालतो. कुठली योजना बंद करायची हे त्यात नाही. योजनांचे पैसे दरवर्षी विधानसभा अर्थसंकल्पात मंजूर करते.

करसवलत द्यावी की नको, यावर जरूर वाद घाला. पण गृह आधारच्या पैशांवर महिन्याचे सामान भरणाऱ्या बायका अशा मेसेजने धास्तावतात. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्या गटात टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका.