गुडघा चालत नाही!

कुत्रा पाळला की रक्तदाब उतरतो, असं एका लेखात म्हटलंय. आमच्याकडे बाबांची गोळी काही सुटली नाही, हे आधीच सांगतो. सुटलं ते खुर्चीत बसणं. आई गेल्यावर वर्षभर ते गॅलरीतून हलत नव्हते. ‘जरा पाय मोकळे करून या’ म्हटलं की गुडघ्याचं निमित्त तयार. मग माझ्या मुलीनं बिल्डिंगखालचं एक गावठी पिल्लू उचलून आणलं. आता मोत्या पहाटे साडेपाचला बाबांची चादर ओढतो आणि दाराशी जाऊन खुंटीवरच्या पट्ट्याकडे बघत बसतो. त्याच्यापुढे गुडघा चालत नाही! बागेत तर बाबांचं नावच गेलंय, सगळे ‘मोत्याचे आजोबा’ म्हणतात.

अमेरिकेत १९८० साली हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. आकडे बोलके आहेत खरे, पण मुळात धडधाकट माणसंच प्राणी पाळतात, असंही असेल ना? अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये बजावलं होतं, की निव्वळ हृदयासाठी म्हणून प्राणी घरी आणू नका.

त्या लेखात रेबीजच्या लसीबद्दल एक ओळही नाही, ते खटकलं. आणि गोचिडांचं काय? बाबा दर रविवारी चष्मा लावून मोत्याच्या कानातले गोचीड शोधत बसतात. तेवढा वेळ टीव्हीवरच्या चर्चा बंद.