उभ्या जंगलाचे पैसे कोण देणार?

आज सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. एका मोठ्या कंपनीचे साहेब, डोक्यावर हिरवी टोपी, हातात झारी आणि पुढ्यात गुलमोहराचं रोप. खाली लिहिलंय की कंपनी लवकरच कार्बन न्यूट्रल होणार, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडते तेवढ्याची भरपाई करणार. त्यावर आपल्याच मित्रमंडळींचे शंभरेक अंगठे. मला राहवलं नाही, म्हणून लिहितेय. गुलमोहर मादागास्करचा. आणि जिथे खड्डे खणलेत ते मुळात गवताळ माळरान. तिथे टिटवी घरटं करते, मेंढरं चरतात. ते बिघडवून त्याला पर्यावरण म्हणायचं?

संगमेश्वर तालुक्यात आमच्या घराच्या वरच्या अंगाला काकांचं रान होतं. मधून पऱ्या वाहायचा. ऐन, किंजळ, जांभूळ आणि एक बेहडा, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेशाची मादी स्वतःला कोंडून घ्यायची. ढोलीचं तोंड लिंपलेलं, चोच बाहेर येईल एवढीच फट, आणि नर दिवसभर फळं आणून एकेक भरवायचा. खाली बियांचा सडा. पाऊस पडला की त्यातूनच रोपं उगवायची, कुणी साहेब न येता.

ते रान काकांनी लाकूड व्यापाऱ्याला दिलं. काकीचं ऑपरेशन होतं. नजरेनेच भाव ठरला, माणसं कटर घेऊन आली आणि बघता बघता डोंगर उघडा पडला. लाकूड बॉयलरला गेलं, वीटभट्टीला गेलं. बेहड्याचं लाकूड टिकत नाही म्हणून व्यापाऱ्याने त्याचे पैसे धरलेच नव्हते. तरी तो तोडला. ट्रकच्या वाटेत येत होता.

काकांना नावं ठेवायला कुणी कमेंटमध्ये येणार असेल तर आधीच सांगते, येऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं आहे, बहुतेक रान लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. ते आजवर टिकलं ते या माणसांनी टिकवलं म्हणून. मी चिडून विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "राखल्याचे पैसे कोण देतो गं? तोडल्याचे लगेच मिळतात." मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

आपली सगळी धोरणं बघा, लावण्यावर पैसे आहेत, राखण्यावर नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिट आलं, झाडं लावणाऱ्याला क्रेडिट म्हणजे गुण देणारी केंद्र सरकारची योजना. फेब्रुवारी २०२४ च्या नियमात हेक्टरी किमान १,१०० झाडं आणि झाडामागे एक क्रेडिट. २०२५ मध्ये नियम बदलले, आता पाच वर्षं थांबावं लागतं आणि झाडोराही दाट दिसावा लागतो. ही सुधारणा आहे, मान्य. पण जंगल आधीपासूनच उभं असेल त्याचं काय? कार्बन बाजारात, म्हणजे कंपन्या आपल्या प्रदूषणाच्या भरपाईसाठी दुसऱ्याने वाचवलेल्या कार्बनचे पैसे मोजतात तिथे, तर पहिला प्रश्न हाच की तुमचं रान तोडलं जाणार होतं का. चाळीस वर्षं ज्याने कोयता लावला नाही, त्याच्या राखण्याची त्या हिशोबात किंमत शून्य. संताप येतो हो.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचंही तेच, म्हणजे जिथे खाणींसारख्या कामांवर बंदी येणार त्या पट्ट्याचं. घाट कसा वाचवायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. जुलै २०२४ मध्ये अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला, त्यात महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर आहे. मला तो हवाच आहे, खाणी थांबल्याच पाहिजेत. पण आमच्या गावात काय पोचलं? घराची डागडुजीसुद्धा बंद होणार, एवढंच. ते खोटं आहे, मसुद्यात तसं काही नाही, पण समजावायला कुणी फिरकलं नाही. आणि 'राखा, आम्ही भरपाई देतो' असंही कुणी म्हटलं नाही.

ब्राझीलने निदान उलटा विचार तरी केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमच्या हवामान परिषदेत त्यांनी उष्णकटिबंधीय जंगलांसाठी एक निधी सुरू केला. जंगल उभं ठेवणाऱ्या देशाला हेक्टरी वर्षाला साधारण चार डॉलर, आणि त्यातला पाचवा हिस्सा जंगलात राहणाऱ्या लोकांसाठी. रक्कम तुटपुंजी आहे, ठरवलेला निधी जमायचाय, पैसा सरकारांच्या हातात जाणार, सगळं खरं. पण उभ्या झाडाला पैसे, हे तत्त्व तरी कुणी मांडलं!

आणि धंदेवाल्यांना हे जमतच नाही असंही नाही. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) ही निसर्ग राखणारी संस्था आमच्याच संगमेश्वर भागात रानमालकांशी रान न तोडण्याचे करार करते. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी कुटुंबं हिरडा-बेहडा गोळा करतात. रानातला माल झाडाला धक्का न लावता आणि योग्य मोबदला देऊन गोळा केलाय, असं सांगणाऱ्या फेअरवाइल्ड प्रमाणपत्राचा तो माल पुक्का हर्ब्ज ही हर्बल चहाची ब्रिटिश कंपनी विकत घेते. फळ विकायचं तर झाड उभं लागतं, आणि झाड उभं तर ढोल शाबूत. आमच्या बेहड्याच्या फळांना असं कुणी गिऱ्हाईक मिळालं असतं तर? ऑपरेशनचा सगळा खर्च त्यातून निघाला नसता, कळतंय मला. पण त्या रानावर काही कर्ज तरी मिळालं असतं, काकांना दुसरी वाट तरी सुचली असती.

हल्ली काका त्या बाजूला जात नाहीत. पऱ्या लवकर आटतो. काकी बरी आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. हे दोन्ही एकाच घरात आहे, म्हणून मला कुणावर पूर्ण रागावताही येत नाही.

पण कंपन्यांवर येतं. तुमच्यापैकी कितीतरी जण मोठ्या कंपन्यांत आहात, सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या समाजकामाच्या पैशांचं, बजेट ठरवणारेही आहात. पुढच्या बैठकीत रोपांचा आकडा मांडू नका. दहा वर्षं रान न तोडण्याचा करार करा, मालकाला दरवर्षी खात्यात भाडं द्या, आणि दवाखान्याचा खर्च आला तर त्याला त्यातून उचल मिळेल अशी सोय ठेवा. काकांच्या शेजारची राई अजून उभी आहे. व्यापारी भाव सांगून गेलाय आणि त्या घरात औंदा मुलीचं लग्न आहे. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी दिवाळीच्या आत मला मेसेज करा, मालकाशी मी स्वतः बोलते.