कार्निव्हल कळायचा असेल तर आधी स्वयंपाकघरात डोकवा

दरवर्षी फेब्रुवारीत कार्निव्हलचे फोटो फिरू लागले की खाली ठरलेलं वाक्य येतं: 'हा मुळात रोमन लोकांचा सॅटर्नेलिया सण, चर्चने फक्त नाव बदललं.' हे मला अजिबात पटत नाही. कार्निव्हल म्हणजे ईस्टरआधीच्या लांब उपवासाच्या तोंडावरची मौज. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि त्याच्यानंतर कुठलाही उपवास नव्हता. मालक-नोकरांची अदलाबदल दोन्हीकडे दिसते, हे खरं. पण तेवढ्या साम्यावरून एक दुसऱ्यातून जन्मला असं म्हणता येत नाही. कार्निव्हल हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'मांस बाजूला काढणं' या अर्थाच्या शब्दाकडे जातो. म्हणजे या सणाला नावसुद्धा उपवासानेच दिलंय.

त्याची तारीखही तोच उपवास ठरवतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्यात रविवार धरत नाहीत, म्हणून मोजताना ४६ दिवस मागे जावं लागतं आणि तिथे राखेचा बुधवार, म्हणजे उपवासाचा पहिला दिवस, येतो. त्याच्या आदला मंगळवार हा खाण्यापिण्याचा शेवटचा दिवस. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून हा मंगळवार १७ फेब्रुवारीला. लवकरात लवकर तो ३ फेब्रुवारीला येतो, उशिरात उशिरा ९ मार्चला.

या मोजणीवरून गावोगावचे कार्निव्हल वेगळे झाले. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा फासनाख्त राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी पहाटे ४ वाजता सुरू होतो. रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम विझतात आणि अंधारात रंगवलेले कंदील, बासऱ्या आणि ढोल निघतात. ज्याला कारण ठाऊक नाही त्याला वाटतं, हे लोक उपवास सुरू झाल्यावर कसले नाचतायत! रविवार वगळायचा नियम १०९१ च्या धर्मसभेत झाला आणि उपवासाची सुरुवात सहा दिवस आधी आली; बासेलने जुनी मोजणी सोडली नाही, असं याचं कारण सांगतात. मिलानमध्येही शहराचे जुने बिशप सेंट अँब्रोज यांच्या परंपरेमुळे कार्निव्हल मंगळवारी संपत नाही, शनिवारपर्यंत चालतो.

आता स्वयंपाकघर. मध्ययुगातला नियम कडक होता: मांस, चरबी, अंडी, दूध, लोणी, चीज, सगळं बंद. हिवाळ्यासाठी खारवून ठेवलेल्या डुकराच्या मांसातलं जे उरलं असेल ते संपवायचं, चरबी तळणीत घालायची, अंडी-दूध पिठात ढकलायचं. म्हणून ब्रिटनमध्ये त्या मंगळवारी पॅनकेक. १०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ३०० मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ. पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. फार फेटलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि पॅनकेक रबरासारखा ओढला जातो. पहिला तव्याला चिकटतो, कारण तवा पुरेसा तापलेला नसतो.

पोलंडमध्ये मान राखेच्या बुधवाराआधीच्या गुरुवारला, 'चरबीच्या गुरुवारा'ला. त्या दिवशी पाँचकी, म्हणजे आत गुलाबाच्या किंवा आलुबुखाराच्या मुरंब्याचे तळलेले गोळे. कणीक अंड्यांच्या बलकांची, लोण्याची, यीस्टने फुगवलेली, आणि तिच्यात चमचाभर कडक दारू. दारूची वाफ तळताना बाहेर ढकलते, त्यामुळे पाँचकी चरबी कमी पितो. चरबी १७५ अंश सेल्सियसच्या आसपास हवी. थंड असेल तर गोळा तेलकट होतो, जास्त तापली तर बाहेरून काळा आणि आत कच्चा. कणीक नीट फुगलेली असेल तर गोळा तरंगतो आणि कमरेला फिकट पट्टा उरतो. जाणकार आधी तो पट्टाच बघतात.

रशियात उपवासाआधीचा आठवडा म्हणजे मास्लेनित्सा. त्यात मांस आधीच सुटलेलं असतं, पण लोणी-दूध-अंडी चालतात. म्हणून तिथे मांस नाही, लोण्यात निथळलेले ब्लिनी, म्हणजे पातळ पॅनकेक. पूर्वेकडच्या चर्चचा उपवास सोमवारी सुरू होतो, त्यामुळे राखेचा बुधवारच नाही. आठवड्याच्या शेवटच्या रविवारी लोक एकमेकांची क्षमा मागतात. या सगळ्या सणातला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

लोण्यावाचून राहणं उत्तर युरोपला फार जड जायचं, कारण ऑलिव्ह तेल तिथे पिकत नाही. फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलला 'लोण्याचा मनोरा' आहे. उपवासात लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला, असं सांगतात.

मुखवट्यांतला एकच सांगतो, व्हेनिसचा बाउता. त्याचा खालचा भाग चोचीसारखा पुढे आलेला असतो, त्यामुळे मुखवटा न काढता खाता-पिता येतं आणि आवाजही बदलतो. उमराव कोण नि नोकर कोण, हे बोलण्यावरूनही कळू नये, ही त्यातली खुबी. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं आणि हळूहळू हा कार्निव्हलही विझला. आजचा आहे तो १९७९ पासून पुन्हा उभा केलेला.

मात्र स्वयंपाकघराने सगळं उलगडत नाही. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर फ्रेंच मळेवाल्यांच्या नाचांत गुलामांना जागा नव्हती. मुक्त झाल्यावर त्यांनी मशाली आणि ढोल घेऊन स्वतःची मिरवणूक काढली. १८८१ मध्ये पोलिसांशी मोठी चकमक झाली, १८८४ मध्ये ढोलांवर बंदी आली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, मग १९३० नंतर बिस्किटांचे डबे आणि शेवटी तेलाची पिंपं. पिंपाचा तळ हातोड्याने खोलगट करत नेतात, सुरांचे भाग आखून त्यांच्या कडा ठोकतात, आगीवर तापवतात आणि मग एकेक सूर जुळवतात. पत्रा कुठे जास्त ताणला गेला तर तो फाटतो. कडा नीट ठोकली नाही तर एका सुराबरोबर शेजारचाही घुमतो. आजच्या स्टीलपॅन या वाद्यामागे ती बंदी आहे. 'कार्निव्हल म्हणजे नुसती मौज' म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

पोर्तुगीजांचा 'एन्त्रुदू', म्हणजे उपवासात 'प्रवेश', ब्राझीलला गेला तेव्हा लोक सुगंधी पाण्याने भरलेली मेणाची लिंबं एकमेकांवर फेकत. तोच शब्द गोव्यात 'इंत्रुज' झाला.

जर्मनीतल्या कोलोनमध्ये दारूच्या गुत्त्यांवर गवताचा पुतळा टांगलेला असतो, नुबेल. मंगळवारी रात्री त्या दिवसांतली सगळी पापं त्याच्या माथी मारून त्याला जाळतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लागते, ती मात्र वेगळी: मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली.