कोल्हा नव्हे, खोकड

अज्याची बहीण इंग्लंडात लेस्टरशरला असते. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा व्हिडिओ तिने पाठवला: लाल कोटातले घोडेस्वार, पुढे कुत्र्यांचा ताफा, दुतर्फा टाळ्या वाजवणारं गाव. कट्ट्यावर चहा यायच्या आत जुंपली.

"तिकडे कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी आहे ना रे?" मन्या म्हणाला.

"कोल्हा नाही, खोकड. फॉक्स म्हणजे खोकड, कोल्हा म्हणजे जॅकल," नाना. वनखात्यातून निवृत्त झाले, पण सवय जात नाही. "गोऱ्यांना इथे त्यांचं खोकड मिळेना, म्हणून उटीला कोल्ह्यामागे कुत्री सोडायचे. तेव्हापासून घोळ."

बंदी आहेच. 2004 चा कायदा, इंग्लंड-वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू. पण जमिनीवर आधीच लावून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्री पळवायला मुभा. त्याला म्हणायचं ट्रेल हंटिंग. मधेच खरं खोकड उठलं, तर म्हणे अपघात.

"म्हणजे आपल्याकडची दारूबंदी!" मन्या खूश.

बाळू मंचरचा, घरचा बैलगाडा. तो पेटलाच. "शहरवाल्यांना गावचा खेळ खुपतो. आमच्या शर्यती 2014 ला बंद पाडल्या, 2021 उजाडलं परत सुरू व्हायला. त्यांनीही 2002 मध्ये चार लाखांवर माणूस लंडनच्या रस्त्यावर उतरवला होता. ऐकलं कुणी?"

लॉर्ड्सनी ऐकलं होतं, हे मी सांगितलं. वरच्या सभागृहाने विधेयक अडवून धरलं. शेवटी खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, पार्लमेंट कायद्याचा आधार घेऊन ते त्यांच्या डोक्यावरून नेलं. आणि तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर? त्यांनी पुढे आत्मचरित्रात याच कायद्याबद्दल खंत लिहिली.

"बघ!" बाळू म्हणाला. "खोकडाची दया कमी, लाल कोटातल्या श्रीमंतांवरचा राग जास्त."

हे मला बरंचसं पटतं. पण राग कोटावर असला, तरी फाडलं जातं ते खोकडच.

"कोंबड्या, कोकरं नेतं ते. शेतकऱ्याने ओवाळायचं का त्याला?"

"गोळी घाल की," नाना म्हणाले. "दोन कुत्र्यांनी हुसकून बंदुकीने मारायची सोय कायद्यातच आहे. त्याला घोडे नि बिगूल कशाला?"

"पण नाना, पळायची संधी मिळते त्याला. मर्दानी खेळ आहे."

नानांनी कप खाली ठेवला. "आदल्या रात्री माणूस पाठवून त्याची बिळं बुजवून ठेवायचे. सकाळी जमिनीत शिरायला जागाच नको. मग कर म्हणावं मर्दानी खेळ."

बाळू थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आमच्या शर्यतीच्या घाटात असलं काही नसतं हां."

अज्याने व्हिडिओ परत लावला. लेबर पक्षाने 2024 च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगही बंद करू म्हटलंय, त्यावर मन्याला आणखी एक कटिंग लागणार होता.