खुलासा : काडतूस आत बसलं म्हणजे चाललं, असं नाही
जुन्या अमेरिकन दुनळी बंदुकांचे शौकीन एकमेकांना सर्रास सांगतात, की पार्कर कंपनीच्या बंदुकीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागात) आजचं काडतूस सहज बसलं तर बिनधास्त बार काढा. हे साफ चूक आहे. काडतुसावर छापलेली २.७५ इंच लांबी बार उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. न उडालेलं काडतूस त्याहून आखूड असतं, म्हणून ते १६ बोरच्या (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) जुन्या, जेमतेम २.५६ इंची चेंबरमध्येही निमूट बसतं. बार उडाला की घडी पुढच्या निमुळत्या भागात उघडते, छर्‍यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. नळी टिकली तरी लाकडी दस्ता तडकू शकतो, एल. सी. स्मिथ या दुसऱ्या जुन्या अमेरिकन बंदुकीत तर लॉकच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीमागेच. चेंबर आधी जाणकार कारागिराकडून मोजून घ्या. अनेक जुन्या बंदुकांच्या चेंबर मागाहून वाढवलेल्याही असतात.