भरून मोकळं व्हायची घाई नको

पार्किंगच्या दंडावरच्या लेखात सल्ला दिलाय की लंडनमध्ये कौन्सिलचं पार्किंग तिकीट, म्हणजे दंडाची चिठ्ठी, आलं की १४ दिवसांत अर्धे पैसे भरून मोकळं व्हावं. अहो, पण भरलेत की प्रकरण मिटलं, मग अपील विसरा! त्याच १४ दिवसांत हरकत नोंदवा. ती फेटाळली तरी बहुतेक कौन्सिलं सवलत पुन्हा देतात. तरीही पैसे भरले नाहीत तर गाडीमालकाच्या नावे नोटीस येते, तिला २८ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. तेही नाकारलं तर लंडन ट्रिब्युनल्स हे स्वतंत्र अपील मंडळ आहेच, आणि तिथे फी लागत नाही.

माझ्या मेव्हण्याचं तिकीट असंच रद्द झालं. वेळेची पाटी वेलीत पार बुडालेली, फक्त खालचा बाण दिसत होता. पठ्ठ्याने गाडी हलवायच्या आधी फोटो काढले, एक पाटीचा आणि एक गाडीपासून पाटीपर्यंतचा.

पण रस्त्याकडेच्या एकेरी पिवळ्या रेषेजवळ (म्हणजे ठराविक वेळेत गाडी लावायला बंदी) पाटीच नाही म्हणून खुशाल गाडी लावू नका. नियंत्रित पार्किंगच्या भागात वेळा आत शिरतानाच्या मोठ्या फलकावर असतात. वेम्बलीला तर स्टेडियममध्ये सामना किंवा कार्यक्रम असला की वेगळेच नियम लागतात. आणि दंडाआधी मिळणारी ती १० मिनिटांची मुभा? ती पार्किंगच्या चौकटीतली वेळ संपल्यावर मिळते, पिवळ्या रेषेवर नाही. हे लेखात यायला हवं होतं.

सुपरमार्केटच्या आवारातल्या खासगी कंपनीच्या चिठ्ठीला मात्र ही कौन्सिलची पद्धत लागू नाही, तिची अपिलाची वाट निराळी.